गच्चीवरच्या सोलरचा डीसी स्विच: कोणता घ्यायचा, कुठे बसवायचा, कसा बंद करायचा

घरातल्या दिव्याचं बटण आणि सोलर पॅनेलच्या तारेवरचा स्विच यांचं काम एकच दिसतं. जोडायचं आणि तोडायचं. पण घरात येणारी वीज एसी असते. ५० हर्ट्झचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. बटण दाबताना आत ठिणगी पडली तरी पुढच्या शून्याला ती आपोआप विझते. पॅनेलमधून येणारा डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. संपर्काचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर होतात तेव्हा मधल्या हवेतून तो वाहत राहतो. ३०० व्होल्टला एखाद्या सेंटीमीटरच्या फटीतही असा आर्क टिकतो. त्याचं तापमान हजारो अंशांत असतं, त्यामुळे तांबं वितळतं आणि प्लास्टिकची डबी पेटते. म्हणून डीसी स्विचच्या आत हा आर्क ओढून, लांबवून, तुकडे करून विझवण्याची वेगळी रचना असते. घरातल्या बोर्डावरच्या साध्या एमसीबीत, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचमध्ये, ती डीसीच्या या व्होल्टेजला पुरत नाही.

पुढचा सगळा हिशेब प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सर्रास बसतो त्या ३ किलोवॉटच्या सिंगल फेज ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारांना जोडलेल्या, सिस्टीमचा आहे. तिच्यात ५४५ वॅटची सहा पॅनेलं एका माळेत, म्हणजे एका स्ट्रिंगमध्ये, असतात. त्यानंतर डीसीडीबी (डीसी बाजूच्या स्विचची डबी), डीसीची एसी करणारा इन्व्हर्टर, एसीडीबी (एसी बाजूची डबी) आणि महावितरणचं नेट मीटर येतं. सिस्टीम मोठी असेल तर आकडे बदलतील, पद्धत हीच राहील.

आधी एक गैरसमज

“शॉर्ट झालं तर एमसीबी पडेल” हे वाक्य घरच्या वायरिंगला लागू पडतं. तिथे शॉर्ट झालं की रोहित्राकडून शेकडो अँपिअर येतात आणि एमसीबी क्षणात पडतो. पॅनेलचं तसं नाही. ५४५ वॅटच्या पॅनेलवरची पट्टी वाचा. चालू असतानाचा प्रवाह साधारण १३ अँपिअर, आणि दोन्ही तारा थेट एकमेकींना टेकवल्या तरचा प्रवाह साधारण १३.९ अँपिअर. फरक एका अँपिअरपेक्षाही कमी. आता २० किंवा २५ अँपिअरचा एमसीबी कशाच्या जोरावर पडणार? स्ट्रिंग एकच असेल तर तो कधीच पडत नाही, आणि फ्यूजही उडत नाही. तीन किंवा जास्त स्ट्रिंग समांतर जोडल्या असतील, तर मात्र बाकीच्या स्ट्रिंगचा प्रवाह बिघडलेल्या स्ट्रिंगमध्ये उलटा घुसू शकतो. तिथे सोलरसाठीच्या जीपीव्ही प्रकारच्या फ्यूजला खरं काम असतं.

थोडक्यात, एका स्ट्रिंगच्या घरात डीसी एमसीबी हा महागडा हातबटणच असतो. तो स्वतःहून तुम्हाला वाचवणार नाही. त्यामुळे स्विच दर्जेदार असणं, तारा घट्ट असणं आणि इन्सुलेशन शाबूत असणं एवढ्यावरच सगळी भिस्त असते. आमची पसंती अशा ठिकाणी एमसीबीपेक्षा रोटरी डीसी आयसोलेटरला, म्हणजे मूठ फिरवून हाताने चालू-बंद करायच्या स्विचला, आहे.

स्विचवरची अक्षरं कशी वाचायची

डबीचं झाकण उघडायचं काम वेंडरच्या माणसाकडून करून घ्या आणि स्विचच्या अंगावरच्या छपाईचा मोबाइलवर फोटो काढा. फोटोत पुढच्या गोष्टी शोधा.

१. सरळ आडवी रेघ आणि खाली तुटक रेघ, किंवा ‘डीसी’ ही अक्षरं. फक्त लाटेसारखी खूण असेल आणि ‘सी१६, २४०/४१५ व्होल्ट’ असं काही लिहिलं असेल, तर तो घरातला एसी एमसीबी आहे. तो काढायला लावा. “चालतो हो, सगळीकडे हाच लावतो” हे उत्तर ऐकून घेऊ नका. तो चालू स्थितीत खरंच वर्षानुवर्षं चालतो. प्रश्न तो पूर्ण उन्हात बंद करायची वेळ येते तेव्हाचा आहे.

२. आयसोलेटर असेल तर आयईसी ६०९४७-३ हे मानक आणि त्यापुढे ‘डीसी-पीव्ही१’ किंवा ‘डीसी-पीव्ही२’. पीव्ही२ वरचा आहे. अनेक स्ट्रिंग एकत्र आल्यावर जास्त किंवा उलटा प्रवाह येऊ शकतो, तिथेही तो तोडू शकतो. जुन्या मालावर ‘डीसी-२१बी’ दिसतं. नवीन घेताना पीव्हीचाच मागा.

३. व्होल्ट आणि अँपिअरची जोडी. इथे फसगत होते. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरात ‘१००० व्होल्ट, ३२ अँपिअर’ लिहिलेलं असतं, पण बारीक तक्त्यात ३२ अँपिअर हा आकडा कमी व्होल्टला दिलेला असतो आणि १००० व्होल्टला अँपिअर पार खाली आलेले असतात. दोन आकडे वेगवेगळे वाचू नका. तुमच्या व्होल्टेजच्या रांगेतला अँपिअरच खरा.

४. किती पोल (स्विचच्या आतले स्वतंत्र संपर्क) जोडून हे रेटिंग मिळतं त्याचं चित्र. काही चार पोलच्या आयसोलेटरमध्ये पॉझिटिव्हसाठी दोन आणि निगेटिव्हसाठी दोन पोल छोट्या तांब्याच्या पट्टीने एकापुढे एक जोडले तरच पूर्ण व्होल्टेज तोडता येतं. पट्टी न लावता दोनच पोल वापरले तर स्विचची ताकद निम्म्यावर येते, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

आकडेमोड

पॅनेलच्या मागच्या पट्टीवर व्हीओसी, म्हणजे काहीही न जोडता मिळणारं व्होल्टेज, साधारण ४९.८ व्होल्ट असतं. सहा पॅनेलचे २९८.८ व्होल्ट. हा आकडा २५ अंश सेल्सिअसचा. थंडीत व्होल्टेज वाढतं, दर अंशाला साधारण ०.२७ टक्के. निफाडकडे हिवाळ्यात पहाटे पारा ५ अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे २० अंशांचा फरक, ५.४ टक्के वाढ, ३१५ व्होल्ट. सहा पॅनेलांना ५०० व्होल्टचा आयसोलेटर पुरतो. पण शेजारच्याने ५ किलोवॉटसाठी दहा पॅनेलं एका माळेत घेतली असतील, तर त्याचे ४९८ व्होल्ट थंडीत ५२५ होतात. तोच ५०० व्होल्टचा आयसोलेटर त्याच्याकडे धोकादायक ठरतो. दुकानदार दोघांनाही एकच माल देतो, ही नेहमीची गोष्ट.

प्रवाहाला १.२५ ने गुणायचं. १३.९ × १.२५ = १७.४ अँपिअर. ढगांच्या कडेवरून परावर्तित ऊन आलं की पॅनेल क्षणभर छापील आकड्याच्या वर जातं, त्याची ही तजवीज. पॅनेल दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणारं असेल आणि गच्चीला पांढरा रंग दिला असेल, तर प्रवाहात आणखी १० टक्के धरा. बंद डबीतल्या उष्णतेचाही विचार हवा. स्विचचं रेटिंग बहुधा ४० अंशांच्या मोकळ्या हवेतलं असतं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात उन्हातली डबी ६० अंशांच्या पुढे जाते. म्हणून १७.४ ला २० अँपिअर न घेता ३२ अँपिअरचा घ्यावा. किमतीतला फरक एकूण खर्चात दिसतही नाही.

पोलॅरिटीचा सापळा

डीसी एमसीबी दोन तऱ्हेचे मिळतात. एकात आर्क ढकलायला आत कायमचं लोहचुंबक असतं. प्रवाह ठरलेल्या दिशेने गेला तर चुंबक आर्कला विझवण्याच्या जाळीत ढकलतं. तारा उलट लावल्या तर तेच चुंबक आर्कला विरुद्ध बाजूला, स्विचच्या यंत्रणेवर, ढकलतं. चालू असताना सगळं ठीक दिसतं, व्होल्टेज बरोबर येतं, जनरेशन होतं. ज्या दिवशी लोडवर, म्हणजे प्रवाह वाहत असताना, बंद कराल त्या दिवशी तो हातात जळतो.

टर्मिनलजवळ अधिक-उणे चिन्हं छापलेली असतील तर एमसीबी दिशा पाळणारा आहे असं समजा आणि बाजूला छापलेल्या चित्राप्रमाणेच जोडायला लावा. अंदाजाने ‘वर इनपुट, खाली आउटपुट’ करू नये, कारण कंपन्यांची चित्रं सारखी नसतात. नवीन घेताना दिशा न पाळणारा मागितला की ही भानगडच राहत नाही.

जागा आणि जोडणी

ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये प्रत्येक घराच्या छपरावर पॅनेलजवळ डीसी आयसोलेटर सक्तीचा केला. हेतू सुरक्षिततेचा होता. पण ऊन-पावसात राहून त्या आयसोलेटरमध्येच पाणी शिरू लागलं आणि तेच सोलरच्या आगींचं मोठं कारण ठरलं. २०२१ च्या सुधारित मानकात ही सक्ती काढून टाकली. धडा साधा आहे. प्रत्येक जादा स्विच म्हणजे किमान चार जादा टर्मिनलं, आणि प्रत्येक टर्मिनल ही सैल होण्याची एक जागा. इन्व्हर्टरच्या पोटाला डीसी स्विच असेल आणि जवळच डीसीडीबी असेल, तर गच्चीवर तिसरा स्विच हौसेने लावू नका.

डीसीडीबी भिंतीवर, सावलीत, हात सहज पोचेल अशा उंचीवर हवी. जिन्याच्या टॉवरची उत्तरेकडची भिंत उत्तम. पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लोखाली, गॅस सिलिंडरच्या वर किंवा लाकडी कपाटात नको. डबी पॉलिकार्बोनेट किंवा फायबरची, आयपी६५ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे अडवणारी. स्वस्त प्लास्टिक दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होतं आणि झाकणाचा स्क्रू आवळताना तडकतं.

पाणी आत कसं जातं हे कळलं की निम्मं काम झालं. दुपारी डबीतली हवा तापून फुगते आणि थोडी बाहेर जाते. मग वळवाची सर येते, डबी एकदम गार होते, आतली हवा आक्रसते आणि मिळेल त्या फटीतून बाहेरची ओल आत खेचली जाते. डबी अक्षरशः श्वास घेते. म्हणून:

१. केबल नेहमी खालून आत घ्या, वरून कधीच नाही. आत येण्याआधी केबलला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळून पडेल.

२. प्रत्येक केबलला स्वतःचा, तिच्या जाडीचा ग्लँड, म्हणजे डबीच्या भोकात केबलभोवती घट्ट आवळणारी बूच. एका ग्लँडमध्ये दोन केबल कोंबून वर सिलिकॉन फासणं ही मोडकी युक्ती आहे. रिकामं भोक राहिलं तर प्लग लावा, नाहीतर पाल आणि मुंग्या आत संसार थाटतात.

३. डबी भिंतीला ठोकताना मागच्या बाजूला भोकं पाडली असतील तर त्यांना सीलिंग वॉशर लावा. आयपी६५ ची डबी याच चार भोकांमुळे निकामी होते.

४. तळाशी हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा व्हेंट प्लग मिळतो. कोकणात आणि गोव्यात तो लावाच. खारट ओल आत साचून टर्मिनलवर हिरवी बुरशीसारखी पूड धरते, तिथून गळती सुरू होते.

केबल ४ चौरस मिलिमीटरची, कथिलाचा मुलामा दिलेली, सोलरसाठीची. भारतीय मानक आयएस १७२९३. बारीक तारांचं टोक तसंच स्क्रूखाली दाबू नये. त्यावर फेरूल किंवा पिन लग (टोकावर चढवायची धातूची टोपी) चढवून, योग्य क्रिम्पिंग टूलने दाबून मगच टर्मिनलमध्ये घालावं. पकडीने चेपलेला लग महिन्याभरात ढिला पडतो. स्क्रू किती आवळायचा हे स्विचच्या कागदावर न्यूटन मीटरमध्ये दिलेलं असतं आणि टॉर्क स्क्रूड्रायव्हर ही चैन नाही. कमी आवळला तर तापतो, जास्त आवळला तर आतली पितळी चौकट फाटते.

सैल जोडाचा हिशेब करून पाहा. जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम झाला आणि १३ अँपिअर वाहत असले, तर १३ × १३ × ०.१ = साधारण १७ वॅट उष्णता. सोल्डरिंगची छोटी इस्त्री २५ वॅटची असते. तेवढी उष्णता बंद डबीत रोज पाच-सहा तास, वर्षभर. डीसी स्विच जळण्याच्या बहुतेक घटनांची सुरुवात ही अशी शांतपणे होते.

एमसी-फोर कनेक्टरचा, म्हणजे पॅनेलच्या तारा एकमेकींना जोडणाऱ्या प्लगचा, मुद्दा स्विचचा नाही, पण त्याच तारेवरचा आहे. एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी जोडू नये, ‘कंपॅटिबल’ लिहिलेलं असलं तरी. आकार जुळतो, आतली पकड जुळेलच असं नाही.

बंद करण्याचा क्रम

हा कागदावर लिहून डीसीडीबीच्या झाकणाला आतून-बाहेरून चिकटवा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो माहीत हवा.

१. आधी एसीडीबीतला एसी एमसीबी बंद करा. इन्व्हर्टरला ग्रिड दिसेनाशी झाली की तो पॅनेलकडून वीज ओढणं थांबवतो आणि डीसी तारेतला प्रवाह शून्याजवळ येतो. व्होल्टेज तसंच राहतं.

२. इन्व्हर्टरचा पडदा किंवा दिवा जनरेशन थांबल्याचं दाखवतो का ते बघा.

३. आता डीसी आयसोलेटर एका दमात, ठामपणे फिरवा. मध्येच सोडू नका, चाचपडू नका.

४. इन्व्हर्टरच्या आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला निदान ५ ते १० मिनिटं द्या. नेमका वेळ इन्व्हर्टरच्या अंगावरच्या इशाऱ्यात लिहिलेला असतो.

घरच्या माणसाचं काम इथे संपतं. पुढे उघडायचं असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियन हवा. त्याने डीसी मोजणाऱ्या क्लॅम्पमीटरने प्रवाह शून्य आहे याची खात्री करावी आणि ‘कॅट ३, १००० व्होल्ट’ लिहिलेल्या मल्टिमीटरने व्होल्टेज बघावं. आयसोलेटरच्या इन्व्हर्टरकडच्या बाजूला शून्य, आणि पॅनेलकडच्या बाजूला पूर्ण ३०० व्होल्ट मिळतील. स्विच बंद केला तरी गच्चीपासून स्विचपर्यंतची तार जिवंतच असते. ढगाळ हवेत प्रवाह कमी होतो, व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं. पॅनेलांवर निळी ताडपत्री टाकूनही ते जात नाही, कारण ताडपत्रीतून प्रकाश येतो. त्या तारेवर काम असेल तर आधी प्रवाह शून्य असताना स्ट्रिंगच्या मधला एमसी-फोर उघडून तिचे तीन-तीनचे दोन भाग करावेत, किंवा सरळ अंधार पडल्यावर, मोजून, काम करावं.

डीसी स्विच चालू, प्रवाह वाहतोय, अशा वेळी एमसी-फोर ओढणं किंवा फ्यूज होल्डरची चिमटी उघडणं म्हणजे हातातच आर्क पेटवणं. फ्यूज होल्डर हा स्विच नाही. ‘लोडवर उघडू नका’ हे त्याच्यावर छापलेलंही असतं. सुरू करतानाचा क्रम मात्र कंपनीगणिक बदलतो, तो इन्व्हर्टरच्या पुस्तिकेतून घ्या.

एसी बाजू

इथे घरच्या वायरमनला सवय असते, म्हणून थोडक्यात. ३ किलोवॉटला २३० व्होल्टवर १३ अँपिअर येतात. दोन पोलचा २० अँपिअरचा एमसीबी लावावा. आरसीसीबीचा (वीजगळती झाली की पडणाऱ्या स्विचचा) प्रकार आणि मिलिअँपिअर इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत दिलेल्याप्रमाणे, दुकानात शिल्लक असलेला नव्हे. मेन बोर्डावर ‘दोन बाजूंनी पुरवठा’ असा ठळक फलक हवा, कारण मेन स्विच पाडला म्हणजे सगळं बंद झालं असं कुणीही समजेल. जनरेटर असेल तर ऑनग्रिड इन्व्हर्टर त्याच्या बाजूला कधीही येणार नाही अशी चेंजओव्हरची जोडणी करा.

बॅटरीवाल्यांसाठी एक उलटी गोष्ट. पॅनेल शॉर्टमध्ये जास्त प्रवाह देत नाही, पण १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी हजारावर अँपिअर सोडते. तिथे फ्यूज खरोखर जीव वाचवतो आणि तो बॅटरीच्या टर्मिनलला जितका जवळ तितका चांगला.

वर्षातून दोनदा

पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि दिवाळीच्या आसपास. सूर्यघर योजनेत वेंडरवर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे, तेव्हा हक्काने बोलवा.

दुपारी १२ ते १ च्या दरम्यान, सिस्टीम पूर्ण जोरात असताना, डीसीडीबीच्या बंद झाकणावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखा. शेजारच्या, तशाच सावलीतल्या भिंतीपेक्षा डबी थोडी कोमट असणं ठीक. एखादाच ठिपका २० अंशांनी गरम असेल तर त्या दिवशीच वरच्या क्रमाने बंद करा. नाकही वापरा. जळक्या बेकलाइटचा मासळीसारखा वास आला तर डबी उघडायची वाट बघू नका.

बंद करून उघडल्यावर टर्मिनलजवळचा पिवळटपणा, केबलचं कडक झालेलं आवरण, तळाशी पाण्याचा डाग, एसपीडीची (विजेचा झटका झेलणाऱ्या उपकरणाची) खिडकी हिरवी की लाल हे बघायला सांगा. लाल असेल तर विजेचा तडाखा त्याने झेलला आहे, काडतूस बदला. मग प्रवाह शून्य असतानाच आयसोलेटर पाच-सहा वेळा चालू-बंद करा. वर्षभर एकाच स्थितीत राहिलेल्या संपर्कावर पातळ थर धरतो आणि फिरवल्याने तो घासला जातो. मूठ अडखळत असेल तर स्विच बदला. त्यात तेल किंवा स्प्रे मारू नका.

इन्व्हर्टरवर सकाळी, विशेषतः पावसानंतर, ‘आयसोलेशन’ किंवा ‘इन्सुलेशन’ची चूक दिसते आणि दुपारी नाहीशी होते, तेव्हा लोक ती विसरतात. अर्थ असा की कुठेतरी तार ओलाव्यातून सांगाड्याला लागते आहे. एका ठिकाणची गळती गप्प राहते. दुसऱ्या ठिकाणी झाली की त्या दोन जागांमधून पूर्ण प्रवाह वाहतो. ती चूक दिसत असताना पॅनेलच्या फ्रेमला हात लावू नका, गच्ची धुऊ नका.

धूर दिसला तर

सुरक्षितपणे पोचता येत असेल तर फक्त एसी एमसीबी पाडा. तार तुटून किंवा जोड सैल होऊन झालेला आर्क असेल तर इन्व्हर्टरने वीज ओढणं थांबवताच तो विझतो. दोन तारांमधला असेल तर मात्र विझत नाही. झाकण उघडू नका, जळणाऱ्या स्विचची मूठ फिरवू नका, बादलीने पाणी टाकू नका. १०१ किंवा ११२ ला फोन करताना “छतावर सोलर आहे, पॅनेलं चालू आहेत” हे पहिल्या वाक्यात सांगा. आग रात्री विझली तरी जळक्या केबलला उजाडण्याआधी टेपने वेगवेगळं झाकून घ्यावं लागतं, आणि तेही इलेक्ट्रिशियनने. सकाळी ऊन पडलं की त्या उघड्या टोकांवर पुन्हा ३०० व्होल्ट येतात.